डाव्या तळहातावरचा तास

"मावशी, बिराजदार मॅडमचा डेमो कुठल्या मजल्यावर आहे?"

विचारणारे गृहस्थ औशाहून पहाटेच्या पहिल्या गाडीने आले असावेत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने धरलेली मुलगी. आम्ही तिघे क्लासच्या फाटकातल्या फ्लेक्सखालीच उभे होतो. फ्लेक्सवर माझा फोटो होता, सात फुटी, खाली 'रसायनशास्त्र आता सोपं' असं लिहिलेलं. फ्लेक्सवाल्याने माझा चेहरा एवढा उजळ केला होता की कपाळावरची विभूती दिसेनाशी झाली होती. कातडी आणि भस्म एकाच रंगाचं.

मी म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर. साडेसहाला."

"आणि शिकवायला कशा आहेत मॅडम?"

"अजून कळलेलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि ते जिन्याकडे गेले. मी खोटं बोलले नव्हते. अकरा वर्षं मी त्या क्लासमध्ये होते, पण मागच्या खोलीत. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी लातुरात जिल्ह्याजिल्ह्यांतून लेकरं येतात, त्यांच्या सराव परीक्षांचे रसायनशास्त्राचे पेपर मी काढायची आणि उत्तरतालिका करायची. माझ्या उत्तरतालिकेत अकरा वर्षांत एकच चूक निघाली होती, तीही छापखान्याची. पण हॉल मला मिळाला नव्हता. हॉलमध्ये सहाशे मुलं बसतात. हॉलमध्ये जो उभा राहतो त्याचं नाव गावभर लागतं, त्यालाच मुलं पाया पडतात, पेपर कुणी काढला ते कुणी विचारत नाही. माझा आवाज लहान, आणि मी बोलताना समोरच्याकडे बघत नाही, म्हणून हणमंते सर दर जूनमध्ये "पुढच्या वर्षी बघू मॅडम" म्हणायचे. क्लास त्यांचाच होता. त्या वर्षी रसायनशास्त्राचे खंदापूरकर सर स्वतःचा क्लास काढायला निघून गेले आणि सर म्हणाले, एक डेमो घ्या, रविवारी, पालकांसमोर. मुलं चिठ्ठ्या लिहितील. चिठ्ठ्या बऱ्या आल्या तर हॉल तुमचा.

मला तो हॉल हवा होता. देवापुढे काही मागायचं नाही असा माझा नेम आहे, तरी त्या महिन्यात दोनदा जीभ चावावी लागली.

याला आता चौदा वर्षं झाली. त्या रविवारी मी अडतीस वर्षांची होते आणि कळत्या वयात पहिल्यांदा पूजा न करता घराबाहेर पडले होते.

ते का, हे सांगायला तीन महिने मागे जावं लागेल. क्लासमध्ये मुलांच्या मनावरचा ताण बघायला तरन्नुम पटेल नावाच्या बाई नव्याने आल्या होत्या. त्यांची खोली माझ्या शेजारी. मी रोज त्याच वेळी तोच डबा त्याच खुर्चीवर बसून खाते, पंखा चालू झाला की कानावर हात ठेवते, कुणी "जरा बसा" म्हटलं की खरंच बसून राहते, हे त्यांनी महिनाभर बघितलं आणि मग फार जपून विचारलं, की कधी कुणाला दाखवलंय का. त्यांच्या ओळखीच्या पुण्याच्या डॉक्टरांकडे मी दोनदा जाऊन आले. त्यांनी चार पानांचा कागद दिला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात.

माझी भावजय महानंदा म्हणाली, "नाव तर साधूसंतांसारखं आहे आक्का. मला वाटलं काही वाईट निघालं."

मलाही वाईट वाटलं नव्हतं. लहानपणापासून काळी निली, येडी निली अशी दोन नावं होती. त्यातल्या दुसऱ्याला निदान कारण मिळालं. पण तिसऱ्या पानावर, 'लक्षणे' या मथळ्याखाली, सातव्या ओळीत लिहिलं होतं: रोजची पूजा ठरावीक वेळी व ठरावीक क्रमाने. खंड पडल्यास तीव्र अस्वस्थता.

त्या ओळीपाशी मी थांबले ती थांबलेच.

आम्हा लिंगायतांत बायकांनाही लिंगदीक्षा असते. माझी आठव्या वर्षी झाली. तेव्हापासून गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. पहाटे अंघोळ करून, विभूती लावून, ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेलपान वाहायचं आणि मग एकटक बघत बसायचं. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही. माणसांच्या डोळ्यांत मला दोन क्षणांवर बघवत नाही, ऊन डोळ्यांत गेल्यासारखं होतं. तळहातावरच्या त्या काळ्याभोर लिंगाकडे मात्र मी चाळीस चाळीस मिनिटं बघते आणि पापणी जड होत नाही. वडील म्हणायचे, "देव तुझ्याच रंगाचा आहे बघ, म्हणून जमतं तुमचं." ते गेले तरी ती चाळीस मिनिटं तशीच राहिली. जगात कुणाचंही लक्ष माझ्यावर नसावं आणि मी मात्र पूर्ण कुठेतरी असावं, अशी ती एकच जागा होती.

आणि ती सातव्या ओळीत होती. डब्याच्या आणि पंख्याच्या खाली.

तीस वर्षं मी ज्याला भक्ती म्हणत आले ती माझ्या डोक्याची ठेवणच असेल, तर मी देवापुढे काय ठेवत होते? कुणाला विचारावं हे कळेना. मग मी ठरवलं, मी रसायनशास्त्राची बाई आहे, प्रयोग करावा. रविवारी पूजा मागे ठेवायची. डेमो होईल, मग करायची. भक्ती असेल तर ती दोन तास थांबेल. आजार असेल तर थांबणार नाही.

पहाटे मी अंघोळ करून तशीच उभी राहिले तेव्हा महानंदा स्वयंपाकघरातून आली. तिने माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघितलं.

"पूजा?"

"आल्यावर."

पंधरा दिवस रोज संध्याकाळी ती मला समोर बसवून शिकवत होती. माझ्या भुवयांच्या मधे बघा आक्का, समोरच्याला वाटतं डोळ्यांतच बघायलेत. मी तिच्या भुवयांमधल्या टिकलीकडे बघत समतोलाचा नियम समजावून सांगायची आणि ती भाजी निवडत हुंकार द्यायची. निघताना तिने माझ्या तोंडाला पावडर लावली, लांब होऊन बघितलं, आणि पदराने निम्मी पुसून टाकली.

"राहू द्या," ती म्हणाली. "घाम आल्यावर पट्टे दिसतील."

तर आता हॉल.

हणमंते सरांनी ओळख करून दिली. बिराजदार मॅडम म्हणजे आमच्या क्लासचा कणा, वगैरे. औशाचे ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मला मंचावर चढताना बघितलं आणि पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

मी माईकपाशी गेले आणि भुवया शोधल्या. महानंदाने मला एक माणूस समोर असतानाची युक्ती शिकवली होती. सहाशे माणसं असताना कुणाच्या भुवया घ्यायच्या हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी एकीच्या घेतल्या, ती खाली बघायला लागली. दुसऱ्याच्या घेतल्या, त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. तिसऱ्याला चष्मा होता. एव्हाना बराच वेळ गेला असावा, कारण मागून कुणीतरी पेन बाकावर वाजवायला लागलं. सरांनी मंचावर येऊन पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घेऊन टेबलावर ठेवला. त्यांनी खुणेने प्या म्हटलं. मी खुणेने नाही म्हटलं. पूजा झाली नव्हती. हा सगळा प्रकार सहाशे जण बघत होते.

विषय होता आरशातले रेणू. काही रेणू असे असतात की त्यात अणू तेच, संख्या तीच, बांधणीही तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप असतं. आपल्या दोन हातांसारखं. सुरुवातीला मुलांना हात पुढे करायला सांगायचं असं मी कागदावर लिहून आणलं होतं. शब्द काही आले नाहीत. हात मात्र आला. डावा हात आपोआप छातीसमोर आला, तळवा वर करून, रोज येतो तसा.

मी तळव्याकडे बघितलं. त्यावर काही नव्हतं. तरी जीभ सुटली.

"हा डावा," मी म्हणाले. "याला उजव्यावर कसाही ठेवा, तळव्यावर पाठ येईल नाहीतर अंगठ्यावर करंगळी. घरी जाऊन डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घाला. चावते. चूक पायाची नाही, चपलेचीही नाही."

कुणीतरी हसलं. बाकाखाली चपलांचा आवाज झाला. काही मुलं खरंच करून बघत होती. मग मी पुदिना सांगितला आणि शहाजिरं सांगितलं. दोन्हींच्या वासाचा रेणू एकच, फक्त एक डावा आणि एक उजवा. आपल्या नाकाला ते कळतं, कारण नाकही हातासारखंच आहे, त्यातल्या प्रत्येक खोबणीत एकच हात बसतो. पुढे मी फळ्याकडे कधी वळले, किती आकृत्या काढल्या, मला नीट सांगता येणार नाही. उजव्या हाताने लिहीत होते आणि डावा समोर धरलेला होता. वर मी बघितलं ते पन्नास मिनिटांनी, तेही घड्याळाकडे.

टाळ्या झाल्या, फार नाही. शेवटच्या रांगांतले पालक आधीच उठले होते. खाली उतरताना एक बाई दुसरीला म्हणाली, "शिकवतात छान, पण बोलायलेत कुणाशी?"

मी मागच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. आणि तिथे ते झालं जे कागदावर लिहिलं होतं. साडीची किनार मानेला कापायला लागली. पंखा बंद असून कानात वाजत होता. प्रयोगाचा निकाल लागला होता. मी तांब्यात आणलेल्या पाण्याने हात धुतले, टेबलावरचे पेपर बाजूला करून आसन घातलं, आणि विभूती लावून पूजेला बसले. पावणेआठ वाजले होते.

पूजा आटोपून मी तीर्थ घेतलं तेव्हा तरन्नुमबाई दाराशी उभ्या दिसल्या. चपला बाहेर काढलेल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रयोगही सांगितला. "डॉक्टर बरोबर आहेत," मी म्हणाले. "तीव्र अस्वस्थता. अगदी तेच शब्द."

"आणि बसल्यावर?"

"थांबली."

त्या आत येऊन खिडकीपाशी बसल्या. माझ्याशी बोलताना त्या नेहमी बाहेर बघत. मला बरं पडावं म्हणून बघतात हे मला तेव्हा उमगलं.

"मॅडम, माझी पहाटेची नमाज चुकली ना, की मी दिवसभर घरच्यांवर खेकसते. पाच वेळा, तेच शब्द, तसंच वाकायचं, एकाच दिशेला तोंड करून. मला कधी कुणी कागद दिला नाही."

मी आसनाची घडी केली.

"डॉक्टरांना बाहेरून दिसलं ते त्यांनी लिहिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसता ते त्यांना दिसलं. कुणापुढं बसता ते कुठून दिसणार? आणि तुम्हाला तरी कुणी सांगितलं, की डोकं वेगळं काढून ठेवून भक्ती करायची असती म्हणून?"

एवढ्यात शिपाई आला. सर बोलवत होते.

हणमंते सरांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचे दोन ढीग होते. सर चांगले होते, हे मला सांगितलं पाहिजे. मला त्यांनी अकरा वर्षांत एकदाही दुखेल अशी हाक मारली नव्हती.

"बसा. मी थक्क झालोय मॅडम. चारशेवर मुलांनी लिहिलंय, समजलं. खंदापूरकरांच्या डेमोला निम्मेही नव्हते." मग त्यांनी दुसऱ्या ढिगावर हात ठेवला. "हे बाकीच्या मुलांचं. मॅडम बघत नाहीत, मॅडम स्वतःशी बोलतात. पण ते होतंय हो दुरुस्त. पुण्याहून एक ट्रेनर बोलावतो, दोन महिने. नजर, आवाज, उभं राहणं. आणि तो डावा हात तेवढा खाली ठेवायचा. हॉल तुमचा."

हॉल तुमचा. अकरा वर्षं ते दोन शब्द मी ज्या आवाजात कल्पिले होते, नेमक्या त्याच आवाजात ते म्हणाले.

"चिठ्ठ्या वाचू का?" मी विचारलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मग त्यांनी चहा मागवला. मी एक एक चिठ्ठी वाचली आणि उलटी करून ठेवली. मधे ते दोनदा बाहेर जाऊन पालकांशी बोलून आले. दुसऱ्या ढिगात बहुतेक जणांची तक्रारच होती. पण काही चिठ्ठ्या तक्रारीत बसत नव्हत्या, त्या चुकून तिथे पडल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं: मॅडम बघत नव्हत्या, बरं वाटलं. दुसरीवर: आज मला उभं करतील अशी भीती वाटली नाही म्हणून पूर्ण ऐकलं. एकीवर नुसतं: अशाच शिकवा. नाव कुणाचंच नव्हतं. मी त्या वेगळ्या काढल्या. बारा भरल्या.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, "सर, मला हॉल नको. मागची खोली द्या, दुपारी. ह्या मुलांना तिथे शिकवीन. पेपर काढणं चालू राहील."

सरांनी त्या चिठ्ठ्या चाळल्या. "किती आहेत ह्या?"

"बारा."

"तीस तरी करा."

"तीस नाहीत. बाराच आहेत."

"मॅडम," ते खुर्चीत मागे टेकले. "लोक आयुष्यभर थांबतात ह्या हॉलसाठी."

"मीही थांबले."

"मग?"

सांगायला मला वेळ लागला. शब्द नव्हते म्हणून नाही, खरे शब्द कुठले ते बघत होते. "तुम्ही म्हणता तसं केलं तर मला जमेल, सर. दोन महिन्यांत मी वर बघायला शिकेन. पण मग माझं सगळं लक्ष वर बघण्यात जाईल. रसायनशास्त्राला काही उरणार नाही. आणि पहाटेलाही."

पहाट म्हणजे काय ते त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. पेपरवेट फिरवत ते म्हणाले, एक महिना बघू. हॉल त्यांनी नांदेडच्या एका तरुण सरांना दिला. ते मोठ्या आवाजात शिकवायचे आणि मुलांना हसवायचे. पहिले सहा महिने त्यांच्या तासाच्या वेळी टाळ्या ऐकू आल्या की मी खिडकी लावून घ्यायची. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही.

घरी महानंदाने ऐकून घेतलं आणि रागाने कणीक तिंबायला घेतली. "नाव लागलं असतं आक्का. मी सगळ्या गल्लीला सांगून बसले होते."

माझा धाकटा भाऊ बसवराज पेपर वाचत म्हणाला, जाऊ दे, तिला बिचारीला माणसांकडं बघताच येत नाही, ती तरी काय करणार.

महानंदाचे हात थांबले. "तुमची नजर तर सगळ्यांवर असती," ती म्हणाली. "देव सोडून."

बसवराज पेपर घेऊन ओसरीवर गेला. तिने कणकेचा गोळा झाकला आणि मला विचारलं, की त्या बारांत पोरी किती आहेत. मी म्हणाले, चिठ्ठीवरून कळत नाही. "अक्षरावरून तर कळतं की," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी बसून बाराही अक्षरं बघत राहिलो. सात पोरी, असं तिचं मत पडलं.

सूचनाफलकावर मी स्वतःच्या हाताने कागद लावला: रसायनशास्त्राच्या शंका. दुपारी तीन. मागची खोली. मॅडम वर बघत नाहीत.

सरांनी शेवटची ओळ खोडायला सांगितली. मी म्हणाले, तीच तर सूचना आहे.

पहिल्या दिवशी चौघं आली. उदगीरचा एक मुलगा सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. दोघी जणी एकमेकींच्या मागे लपत आल्या. चौथी दारातच उभी राहिली, अश्लेषा घोडके नावाची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत. सावळी, किडकिडीत. मी टेबलावरच्या कागदाकडे बघून तिला आत यायला सांगितलं.

"मॅडम, मी खिडकीकडं बघत ऐकलं तर चालेल का?"

"चालतं."

"आणि हाताला चाळा लागतो माझ्या. सर लोक ओरडतात."

"लागू दे."

ती आत आली, खिडकीकडे तोंड करून बसली. ओढणी गुंडाळत, सोडवत, तिने बाहेरच्या तारेवरच्या कपड्यांना उद्देशून पहिली शंका विचारली. माझ्या एका जुन्या पेपरातल्या सत्तेचाळिसाव्या प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर येतात, असं तिचं म्हणणं होतं.

मी मनात करून बघितलं. येत होती.

मी खडू घेऊन उठले.